स्वस्त युनिटांची मोठी फौज: ती केव्हा जिंकते आणि केव्हा नुसती मरते

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या खेळात अनडेड गट घेऊन प्रश्नकर्त्याने सुरुवातीच्या १०० सोन्यातून प्रत्येकी ८ सोन्याचे १२ वॉकिंग कॉर्प्स, म्हणजे चालती प्रेते, भरती केले. फौज प्रतिस्पर्ध्याच्या दुप्पट होती आणि देखभालीचा खर्च शून्य होता, तरीही पहिल्याच मोठ्या चकमकीत ती विरघळून गेली. ‘ॲडव्हान्स वॉर्स’मध्ये नुसते पायदळ काढत राहिल्यावरही हाच अनुभव आला. तेव्हा पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांत स्वस्त आणि दुबळ्या युनिटांचा लोंढा ही युक्ती मुळातच फसवी आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

युक्ती फसवी नाही. मात्र तुम्ही दोन फौजांची तुलना संख्येने आणि किमतीने केली, आणि लढाई या दोन्हींपैकी कशानेच लढली जात नाही. ती मर्यादित घरांवर आणि मर्यादित टर्नमध्ये लढली जाते. म्हणून ‘स्वस्त घ्यावे की महाग’ हा प्रश्न बाजूला ठेवून मी आधी वेगळाच प्रश्न विचारते: या खेळात, या नकाशावर, या क्षणी माझ्याकडे नेमके काय अपुरे आहे? पैसा अपुरा असेल तर स्वस्त युनिट खरोखरच स्वस्त असते. भरतीची जागा अपुरी असेल तर तेच युनिट महाग पडते. ‘ॲडव्हान्स वॉर्स’मध्ये एक कारखाना दिवसाला एकच युनिट काढतो, तुमच्याकडे तीन कारखाने असतील आणि रोजचे उत्पन्न १२,००० असेल, तर तिन्हीकडे १,०००चे पायदळ काढून तुम्ही काटकसर केली नाही, तर ९,००० पडून ठेवले. त्या दिवशी टंचाई पैशाची नव्हती, कारखान्यांची होती. वेसनॉथमध्येही किल्ल्याला जितकी घरे तितकीच भरती एका टर्नमध्ये होते.

पुढचे बरेचसे खेळाच्या नियमांवर अवलंबून आहे, त्यामुळे सरसकट नियम देता येणार नाही. हे खेळ मी पुष्कळ वर्षे खेळत आले आहे आणि इतरांसाठी नकाशेही तयार करते. नवा खेळ हाती आला की लोंढ्याच्या दृष्टीने मी कोणते नियम आधी तपासते, आणि का, ते सांगते.

आधी तुमच्याच फौजेचा हिशेब करू, कारण तो फार बोलका आहे. (खेळाच्या आवृत्तीनुसार एखाददुसरा आकडा इकडेतिकडे होतो, मुद्दा बदलत नाही.) वॉकिंग कॉर्प्सची किंमत ८, एचपी (मरण्याआधी सोसता येणारा मार) १८, आणि हल्ल्यात ६च्या मापाचे दोन घाव. त्याच गटातल्या स्केलेटनची किंमत १५, एचपी ३४, आणि ७च्या मापाचे तीन घाव. आता १२० सोने घ्या. त्यात १५ प्रेते येतात किंवा ८ स्केलेटन. प्रेतांचे एकूण एचपी २७०, स्केलेटनांचे २७२. सगळे घाव लागले तर प्रेतांचा एका टर्नचा मार १८०, स्केलेटनांचा १६८. कागदावर दोन्ही फौजा जवळपास सारख्याच आहेत. त्यातही प्रेतांना देखभाल लागत नाही आणि आठ स्केलेटनांना दर टर्नला ८ लागते, ती ताब्यातल्या गावांनी भरून निघेल तेवढी निघते. स्केलेटनला तलवारी आणि भाले कमी लागतात हा त्याचा मोठा फायदा आहे, पण तो क्षणभर बाजूला ठेवला तरी पटावर दोन्ही फौजा सारख्या लढत नाहीत. हा फरक कुठून येतो, तेच तुमच्या प्रश्नाचे मर्म आहे.

पहिला नियम प्रतिहल्ल्याचा. एक महागडे युनिट कल्पा, ज्याचे एचपी ४ आणि मार ४ आहे, आणि त्याच्यासमोर एचपी १ आणि मार १ असलेली चार स्वस्त युनिटे उभी करा. प्रत्येकाला टर्नमध्ये एकच हल्ला करता येतो. खेळात प्रतिहल्ला नसेल आणि स्वस्तांची पाळी आधी असेल, तर ती चौघे मिळून महागड्याला एकाच टर्नमध्ये संपवतात. महागड्याची पाळी आधी असली, तरी ते एकाला मारते, उरलेले तिघे त्याचे तीन एचपी काढतात, ते आणखी एकाला मारते आणि राहिलेले दोघे त्याचा निकाल लावतात. असे होते, कारण त्याच्या चारच्या मारातले तीन प्रत्येक वेळी वाया जातात. एक एचपी असलेल्याला एकापेक्षा अधिक मारता येत नाही. आता याच लढाईत प्रत्येक हल्ल्याला प्रतिहल्ला मिळतो असा नियम घाला. महागड्याने आधी एकाला मारले, मग उरलेल्या तिघांनी एकेक घाव घातला आणि घाव घालताच प्रत्येक जण प्रतिहल्ल्यात मेला. महागडे युनिट एका एचपीवर का होईना, उभे राहते आणि समोर कोणीच उरत नाही. किंमत, संख्या, ताकद यांतले काहीही बदललेले नाही. बदलला तो एक नियम, आणि निकाल उलटा लागला.

वेसनॉथमध्ये प्रत्येक हल्ल्याला प्रतिहल्ला मिळतो, अट एवढीच की त्या प्रकारचे, म्हणजे जवळचे किंवा लांबचे, हत्यार समोरच्याकडे असले पाहिजे. तुमच्या प्रेतांकडे फक्त जवळचा हल्ला आहे, म्हणजे ती नेहमी शत्रूच्या सोयीच्या पद्धतीनेच लढतात आणि आपल्याच टर्नमध्ये मरतात. तुमची फौज विरघळली ती बहुधा शत्रूच्या टर्नइतकीच तुमच्या स्वतःच्या टर्नमध्येही, हे डाव पुन्हा चालवून पाहिलात तर दिसेल. याउलट ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’मध्ये (१९९९) बहुतेक प्राणी एका फेरीत एकदाच प्रतिहल्ला करतात. तिथे एक स्केलेटन वेगळा काढून त्याच्याकडून पहिला हल्ला करवायचा, समोरच्याचा त्या फेरीचा प्रतिहल्ला त्याच्यावर खर्ची पाडायचा आणि मग मोठा जथा पुढे न्यायचा, ही रोजची चाल आहे. एका स्केलेटनच्या किमतीत शत्रूची अख्खी प्रतिक्रिया विकत घेता येते. ग्रिफिनसमोर मात्र ही चाल लंगडी पडते, कारण तो दोनदा प्रतिहल्ला करतो, आणि रॉयल ग्रिफिनसमोर ती निरुपयोगी, कारण त्याच्या प्रतिहल्ल्यांना मर्यादाच नाही.

दुसरा नियम जागेचा. षटकोनी घरांच्या पटावर एकट्या सापडलेल्या शत्रूला सहा बाजूंनी घेरता येते, पण तोच सरळ रांगेत शेजाऱ्यांना चिकटून उभा असेल तर त्याला समोरून दोनच घरे लागतात. चारच दिशांनी हल्ला होणाऱ्या पटावर सरळ रांगेसमोर एकच घर लागते. म्हणजे तुमच्या बारापैकी पाच-सहाच एका वेळी लढू शकतात आणि बाकीचे मागे रांग लावून आपल्या मरणाची पाळी येण्याची वाट पाहतात. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात याचे गणित मांडले होते: सगळ्यांना सगळ्यांवर मारा करता येत असेल तर फौजेचे बळ संख्येच्या वर्गाने वाढते, आणि एकास एक अशीच झुंज होत असेल तर ते फक्त संख्येच्या पटीत वाढते. वरचे ४–४चे महागडे युनिट या हिशेबाने उघड्या मैदानात चार स्वस्तांच्या तोडीचे आहे, पण अरुंद खिंडीत, मार वाया जात नसेल तर, सोळांच्या तोडीचे. चारपट किंमत देऊन ते घेतलेला शत्रू खिंडीत उभा राहणारच, आणि तुम्ही त्याला तिथे जाऊन भिडू नये हे उघड आहे. लोंढा घेतला असेल तर लढाईची जागा निवडण्याचा हक्क काहीही करून आपल्याकडे ठेवावा लागतो: नकाशावर दोन-तीन ठिकाणी एकदम धाक निर्माण करून शत्रूची रांग ताणायची आणि तिला जिथे टोक फुटेल तिथेच घेरायचे. तसे करता येण्याजोगा नकाशा नसेल, तर लोंढा घेऊ नये.

याला जोडून एक बारकावा आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जखमी युनिट पूर्वीइतक्याच जोराने मारते का? वेसनॉथमध्ये मारते, दोन एचपी उरलेला योद्धाही पुरता घाव घालतो. त्यामुळे १८० एचपी काढूनही कोणी मेले नसेल, तर शत्रूची धार तसूभरही कमी झालेली नसते, आणि तुमचे मात्र दर मरणागणिक दोन घाव कमी होत जातात. ‘ॲडव्हान्स वॉर्स’मध्ये युनिटचा मार त्याच्या उरलेल्या एचपीच्या प्रमाणात घटतो, म्हणून तिथे अर्धवट जखमाही उपयोगी पडतात. पहिल्या प्रकारच्या खेळात लोंढ्याने मारा विखरायचा नसतो. एक लक्ष्य ठरवायचे, ते पडेपर्यंत दुसऱ्याकडे पाहायचे नाही.

तिसरा नियम चिलखताचा. संरक्षण टक्क्यांनी मोजले जाते की थेट वजा होते, हे खेळाच्या मदतपानावर सापडते, आणि थेट वजाबाकी असेल तर मी लोंढ्याचा विचार तिथेच सोडते. ‘फायर एम्ब्लेम’मध्ये हल्ल्याच्या आकड्यातून संरक्षण वजा होते. समोर संरक्षण ५ असेल तर ६चा हल्ला १ उरतो आणि १२चा ७. दुप्पट हल्ला सातपट परिणाम देतो. तिथे दहा दुबळे मिळून एकाला खरचटवतात, एवढेच. वेसनॉथ आणि हीरोज या दोन्हींत टक्केवारी आहे, म्हणून तिथे लहान घावही मोलाचा राहतो.

आता स्वस्त युनिटाचे खरे काम सांगते. ते काम मारण्याचे नसून शत्रूच्या कृती खाण्याचे आहे. शत्रूच्या प्रत्येक युनिटला टर्नमध्ये एक हल्ला मिळतो. तो हल्ला त्याने ८ सोन्याच्या प्रेतावर केला की १६ सोन्याच्या जादूगारावर, यावर पुढचे तीन टर्न ठरतात. ‘ॲडव्हान्स वॉर्स’मधले उदाहरण जवळून पाहू. रस्त्यावर पुढे १,०००चे पायदळ आणि त्याच्या लगेच मागच्या घरात ६,०००ची तोफ उभी आहे. शत्रूचा ७,०००चा रणगाडा तोफेपर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून तो पायदळावर तुटून पडतो आणि त्याचे ७५ टक्के बळ संपवतो. तुमचे नुकसान झाले ७५०चे. आता तुमच्या टर्नमध्ये तोफ त्या रणगाड्याचे ७० टक्के बळ उडवते, आणि तोफ लांबून मारत असल्यामुळे रणगाड्याला प्रतिहल्ला करता येत नाही. शत्रूचे नुकसान ४,९००चे. पायदळाने रणगाड्याला केलेली इजा नगण्य आहे, ५ टक्क्यांच्या आसपास आणि तीही पूर्ण बळ असताना, पण ही देवाणघेवाण घडवून आणली ती पायदळानेच. तुम्ही तोफेविना नुसते पायदळ काढत राहिलात, म्हणजे ७५०चे नुकसान सोसलेत आणि ४,९००ची वसुली करायला कोणी ठेवलेच नाही. (त्यातून पायदळाचे पहिले काम तर लढाईचे नसून इमारती ताब्यात घेण्याचे असते, आणि पूर्ण बळाच्या पायदळाला एका इमारतीला दोन दिवस लागतात. पहिले चार-पाच दिवस फक्त पायदळ काढणे बऱ्याच नकाशांवर अगदी योग्य आहे, ते या कारणासाठी.)

बुद्धिबळात प्याद्याने रोखलेल्या घरात वजीर पाऊल टाकत नाही, ते प्यादे बलवान असते म्हणून नव्हे, तर त्याच्या बदल्यात वजीर जाणे कोणालाच परवडत नाही म्हणून. स्वस्तपणा हीच तिथली ताकद असते. मात्र त्या प्याद्याच्या पाठीशी दुसरे मोहरे असेल, तरच हा धाक टिकतो. पाठीमागे काही नसलेली प्यादी नुसतीच टिपली जातात.

म्हणून मी प्रत्येक स्वस्त युनिटाचा हिशेब ‘शत्रूचा एक हल्ला मला कितीला पडला आणि त्या वेळात माझ्या महागड्या युनिटाने काय मिळवले’ असा मांडते. हीरोजमध्ये तिरंदाजांच्या शेजारी एकच क्षुद्र प्राणी उभा राहिला तरी त्यांना बाण सोडता येत नाहीत आणि हाताने लढताना बहुतेकांचा मार निम्म्यावर येतो. त्या प्राण्याने कोणाला ओरबाडले नाही तरी त्याचा पगार फिटला.

या व्यवहाराच्या छुप्या किमतीही असतात, आणि त्या किमतीच्या पाटीवर लिहिलेल्या नसतात. वेसनॉथमध्ये शून्य पातळीचे युनिट (तुमची प्रेते याच पातळीची) मारल्यावर शत्रूला ४ अनुभव-गुण मिळतात. पहिल्या पातळीच्या बऱ्याच युनिटांना बढतीसाठी चाळीसच्या आसपास गुण लागतात, आणि दोघा खेळाडूंच्या सामन्यात ही गरज सहसा आणखी कमी ठेवलेली असते. तुमची बारा प्रेते मेली म्हणजे तुम्ही शत्रूला ४८ गुण वाढून दिले. ते एक-दोन युनिटांनीच खाल्ले असतील तर लढाईच्या मध्यावर त्यांच्याकडे दुसऱ्या पातळीचा ताजातवाना योद्धा उभा राहिला, कारण बढतीबरोबर एचपीही पुरे भरतात. दुसरे असे की शून्य पातळीच्या युनिटांना स्वतःचे नियंत्रणक्षेत्र, म्हणजे शेजारच्या घरात आलेल्या शत्रूला तिथेच थांबवण्याची ताकद, नसते. पहिल्या पातळीच्या दोन युनिटांमध्ये दोन घरे मोकळी सोडली तरी त्या टर्नला शत्रू पलीकडे निसटत नाही; प्रेतांच्या रांगेत एक घर जरी मोकळे राहिले, तरी घोडेस्वार त्यातून थेट तुमच्या जादूगारांपर्यंत पोहोचतो.

एकाच घरात गर्दी करू देणाऱ्या खेळांत तर हे आणखी तीव्र होते. पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये (१९९१) उघड्यावर एका घरातला बचाव करणारा हरला की त्या घरातली सगळी युनिटे त्याच्याबरोबर जातात. चौथ्या भागात (२००५) गर्दी चालते, पण कॅटापल्टसारखी यंत्रे एका हल्ल्यात गर्दीतल्या अनेकांना जखमी करतात. पाचव्या भागाने (२०१०) एका घरात एकच लढाऊ युनिट असा नियम केला आणि मोठी फौज रस्त्यातच अडकू लागली. त्यामुळे ‘सिव्हिलायझेशनमध्ये लोंढा चालतो का’ या प्रश्नाला, कोणता भाग ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

लोंढ्याच्या बाजूने जाणारी एक गोष्ट मात्र नवे खेळाडू हमखास विसरतात, ती म्हणजे प्रत्येक युनिटला वेगळा मिळणारा फायदा. हीरोजमध्ये नायकाचे आक्रमण-गुण त्याच्या प्रत्येक प्राण्यात मिळवले जातात, म्हणजे स्वस्त प्राण्यालाही ते पुरेपूर मिळतात. वेसनॉथमध्ये नेतृत्वगुण असलेले युनिट शेजारच्या खालच्या पातळीच्या युनिटांचा मार पातळीच्या प्रत्येक फरकामागे २५ टक्क्यांनी वाढवते: दुसऱ्या पातळीचा लेफ्टनंट पहिल्या पातळीच्या भालाइताला २५ टक्के देतो आणि शून्य पातळीच्या शेतकऱ्याला ५०. अनडेड गटात असा नेता नाही, पण त्यांना रात्र आहे. प्रेते रात्री २५ टक्के अधिक मारतात आणि दिवसा तितकेच कमी, त्यामुळे त्यांना दिवसा पुढे ढकलणे म्हणजे आधीच कमी असलेला मार आणखी छाटणे होय.

समोर कोण बसले आहे, यानेही फरक पडतो. संगणकाचा खेळाडू सहज मिळणारा बळी सहसा सोडत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध आमिष म्हणून पुढे ठेवलेले प्रेत बहुतेक वेळा उपयोगी ठरते. जाणता माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करून मागच्याकडे वाट काढतो. संगणकाविरुद्ध जमलेली युक्ती माणसाविरुद्ध का फसली, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते.

तेव्हा प्रतिहल्ला किती वेळा, एका वेळी किती जण भिडू शकतात, जखमीचा मार घटतो का, चिलखत टक्क्यांत की वजाबाकीत, आणि मेलेल्याचे शत्रूला काय मिळते, एवढे पाहिले की लोंढ्याचा अंदाज येतो. तुमच्या खेळात यांतली तीन उत्तरे लोंढ्याच्या विरुद्ध जातात, म्हणून बाराच्या बारा प्रेते घेणे चुकले. पण प्रेते घेणे चुकले नाही.

त्याच १०० सोन्यात मी असे काही घेईन: दोन डार्क ॲडेप्ट (लांबून मारणारे जादूगार) ३२, एक घूल (प्रेतभक्षक) १६, एक स्केलेटन १५, एक वटवाघूळ १३ आणि तीन प्रेते २४. बेरीज बरोबर १०० होते आणि देखभाल फक्त चार पातळ्यांची (प्रेते आणि वटवाघूळ शून्य पातळीची, त्यांना ती लागत नाही), जी चार गावे ताब्यात येताच फिटते. ही विभागणी प्रतिस्पर्धी कोणता गट खेळतो हे माहीत नसतानाची आहे; समोर अग्नी वापरणारे जादूगार किंवा गदाधारी दिसू लागले तर स्केलेटनच्या जागी दुसरे घूल घ्या. वटवाघळाने दूरची गावे घ्यावीत. घूल आणि स्केलेटन यांनी दोन-दोन घरांचे अंतर ठेवून रांग धरावी, कारण नियंत्रणक्षेत्र त्यांचे आहे. प्रेते ॲडेप्टच्या पुढच्या घरांत ठेवावीत. ॲडेप्टकडे जवळचे हत्यार नसल्याने शत्रू त्याच्यावर फुकट हल्ला करू पाहतो, आणि तुम्हाला नेमके तेच महाग करायचे आहे. हल्ल्याचा क्रमही ठरलेला ठेवा: आधी ॲडेप्टच्या जादूने, जी बहुतेक सगळ्या ठिकाणी ७० टक्के लागते, शत्रूला खाली आणायचे आणि अखेरचा घाव प्रेताला द्यायचा. प्रेताने मारलेला जिवंत शत्रू गावात उभा नसेल तर त्याच घरात तुमचे नवे प्रेत उठते, आणि ते शत्रूच्या रांगेच्या आत असल्यामुळे पुढच्या टर्नला त्याच्या शेजाऱ्यावर भिडायला तुम्हाला एक जादा घर मिळते. भरती मात्र दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबवू नका. प्रेते सावकाश चालतात, आणि किल्ल्यापासून आघाडीपर्यंत पोहोचायला त्यांना किती टर्न लागतील ते आधी मोजून, अंधार पडताना ती तिथे असतील अशा बेताने काढा.